शब्दचर्चा : न्याय मिळतो, होतो, करतात की लावतात?

गडग्यापलीकडे (कणकवली तालुका)

आमच्या काकांचं वाटेचं प्रकरण आहे. घरापासून खालच्या भातशेतीत उतरायची वाट शेजारच्यांच्या कलमी झाडांच्या कडेने जाते. मे महिन्यात त्यांनी चिरे आणून गडगा (दगडी कुंपण) वाढवला आणि वाट बंद झाली. बैलजोडी आमच्याकडे केव्हाच राहिली नाही, पॉवर टिलर आहे, पण तो काही गडग्यावरून उडी मारत नाही.

तहसीलदारांकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा मी केला. शेवटी, सगळे लिहितात तसं, ‘तरी मला न्याय मिळावा ही नम्र विनंती’ असं लिहिलं. काकांनी चष्मा लावून वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं नि म्हणाले, ‘‘ह्या काढ. माका न्याय नको, माजी वाट होयी.’’

तेव्हा हसलो. मग रात्री झोप येईना. वाट मिळणं म्हणजेच न्याय मिळणं नव्हे का? मग काकांना हे दोन वेगळे का वाटतात? शब्दाबद्दल जाणकारांनी सांगावं. आणखी एक. या शब्दाचं क्रियापद कोणतं? न्याय मिळाला, झाला, केला, दिला, मागितला, ‘तोच न्याय लावला’, ‘न्यायाने वागला’ असं सगळंच आपण म्हणतो. ही सगळी वाक्यं एकाच न्यायाची आहेत का?

घोकंपट्टी (गुहागर)

तुमचे काका संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या पंगतीला बसायचे, सांगतो कसे ते.

शाळेत आम्हाला ‘नीयते अनेन इति न्यायः’ अशी व्युत्पत्ती शिकवली होती. नी म्हणजे नेणे, ज्याच्या योगाने निर्णयापर्यंत नेलं जातं तो न्याय. तर्कशास्त्राला ती शोभते आणि मराठीतल्या ‘नेणे’शी तिचं नातं उघड दिसतं. ‘हे पुस्तक घरी न्यायचं’ आणि ‘हे काम न्यायाचं’ यात एका कान्याचा फरक.

पाणिनी मात्र ‘नी’कडे जात नाही. अष्टाध्यायीच्या, म्हणजे त्याच्या व्याकरणग्रंथाच्या, तिसऱ्या अध्यायात, तिसऱ्या पादात ३७वं सूत्र आहे : परिन्योर्नीणोर्द्यूताभ्रेषयोः. एका सूत्रात दोन शब्द उरकलेत. पहिला ‘परिणाय’, तो द्यूताचा, म्हणजे सोंगट्या फिरवण्याचा. दुसरा ‘न्याय’, आणि तो ‘इ’ या धातूचा. ‘इ’ म्हणजे जाणे. अर्थ दिलाय अभ्रेष : न ढळणं, जे जसं प्राप्त आहे तसं करणं. जुन्या टीकाकारांनीही तसंच उलगडलंय.

म्हणजे पाणिनीच्या हिशेबाने न्याय ही कुणी हातावर ठेवायची वस्तू नाही. ती जायची रीत आहे. मळलेल्या वाटेवरून न भरकटता जाणं. काकांनी ‘न्याय नको, वाट होयी’ म्हटलं खरं, पण अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांना एकाच शब्दात दोन्ही मागता आलं असतं.

ओहोटी (रत्नागिरी)

मालवणीत ‘नाय’ म्हणजे नाही. तालुक्याला दहा वर्षं खेपा घातल्यावर ‘न्याय’मधला जोडाक्षराचा तुकडा झिजतो आणि उरतो तो हा. इतकीच माझी व्युत्पत्ती.

घोकंपट्टी

ओहोटी, पाणिनीला हे सूत्र सुचलं नसणार याची खात्री आहे.

पुढचा भाग राहिला. ‘जायची रीत’ हा अर्थ मराठीत मेलेला नाही. ‘याच न्यायाने’, ‘तोच न्याय मला का नाही’, ‘न्याय लावणे’ या सगळ्यांत न्याय म्हणजे नियम, धाटणी. काकतालीय न्याय (कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ), देहलीदीप न्याय (उंबऱ्यावरचा दिवा आत-बाहेर दोन्हीकडे उजेड देतो), सूचीकटाह न्याय हे त्याच घरातले. लोहाराकडे एकाच वेळी सुई आणि कढई करायला आली तर तो सुई आधी उरकतो, लहान काम आधी. हा सूचीकटाह न्याय. यात कुणाला भरपाई नाही, कुणाला शिक्षा नाही. जग असं चालतं, एवढंच म्हणणं. स्थालीपुलाक तर आपण मराठीत रोज वापरतो : शितावरून भाताची परीक्षा.

आणि मात्स्यन्याय! मोठा मासा लहान माशाला खातो, त्यालाही ‘न्याय’च म्हटलंय. इथे समुद्राकाठी राहणाऱ्याला यात नवल नाही. पण न्याय म्हणजे नेहमी चांगलंच काहीतरी, असं मानणाऱ्याने या समासाकडे थोडा वेळ बघत राहावं.

पागोळी (देवगड)

घोकंपट्टी मास्तर, छान. पण मला ‘अन्याय’ शब्दापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण तो माझ्या तोंडात न्यायाच्या आधी आला. चार-पाच वर्षांची असेन. गणपतीत आरत्या संपल्या की सगळे हात जोडून म्हणतात, ‘अन्याय माझे कोट्यानुकोटी’. मोरेश्वरा, ते पोटात घाल. मी आईला विचारलं होतं, ‘‘आमच्यावर कोटी अन्याय कोणी केले?’’ आई म्हणाली, ‘‘आमच्यावर नाय गो, आम्ही केलेले.’’

तेव्हा पुढे सरकले. आता या चर्चेमुळे पुन्हा आठवलं. तिथे अन्याय म्हणजे माझा अपराध, माझी चूक. मी वाट सोडली, तो अन्याय. आज ‘माझा अन्याय’ असं कुणी म्हणत नाही, ‘माझ्यावर अन्याय’ म्हणतात. तीच दोन अक्षरी ‘माझा’, पण विभक्ती बदलली आणि अन्याय करणाराच माणूस बदलला. वर्षातले दीड किंवा पाच किंवा अकरा दिवस तेवढा जुना अर्थ आरतीच्या ताटाबरोबर बाहेर निघतो, विसर्जनानंतर पुन्हा पेटीत.

गडग्यापलीकडे, तुमच्या काकांचे शेजारी तुमच्याकडे आरतीला येतात का हो? आमच्याकडे कोर्टात केस चालू असलेलेही येतात, आणि मोठ्याने म्हणतात.

गडग्यापलीकडे

येतात. झांजा तेच वाजवतात.

काळा कोट (सिंधुदुर्ग)

वीसेक वर्षं महसुली आणि दिवाणी कामं करतो, म्हणून थोडं.

पहिलं, काका बरोबर आहेत. अर्जाच्या शेवटी ‘न्याय मिळावा’ लिहून काही होत नाही. काय करून हवं ते लिहावं लागतं. आमच्या भाषेत ‘दाद मागणे’. न्याय हा शब्द कोर्टाच्या पाटीवर असतो, हुकमात असते ती दाद : मनाई हुकूम, कब्जा, वाटप, अडथळा दूर करणे.

दुसरं, वाटेसाठी दोन वेगळे दरवाजे आहेत आणि या धाग्याला ते फार जवळचे आहेत. मामलेदार (म्हणजेच तहसीलदार) न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ : चालू वाट कुणी अडवली तर अडथळा काढायला लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. तिथे विचारतात, ‘‘वाट होती का?’’ महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३ : शेतात जायला वाटच नसेल तर बांधावरून वाट मागता येते. तिथे विचारतात, ‘‘गरज आहे का?’’ एका कायद्याचा न्याय मागे बघतो, दुसऱ्याचा समोरच्या अडचणीकडे. काकांची मेमध्ये बंद झाली म्हणता, तर पहिला दरवाजा धरा आणि तारीख मोजा.

आणि दिवाणी कोर्टात गेलात तर तिथला शब्द ‘वहिवाट’. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम १५ : वीस वर्षं उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून, खंड न पडता वापर असेल तर तो वापरच हक्क होतो. वहिवाटीतल्या ‘वाटे’कडे बघा म्हणजे मास्तरांच्या सूत्राला कोकणात किती कुळं आहेत ते कळेल.

जाता जाता : भारतीय दंड संहिता १८६०ची, तिच्या जागी १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. ‘दंड’ गेला, ‘न्याय’ आला. आत अजूनही कोणता गुन्हा आणि किती शिक्षा हेच प्रामुख्याने आहे. नाव बदलल्याने आशिलांची मात्र पंचाईत झाली, त्यांना वाटतं हा कुठला तरी मदतीचा कायदा आहे.

जुनं दफ्तर (राजापूर)

वकीलसाहेब, ‘पंचाईत’ शब्द तुम्ही सहज टाकलात, पण तो साक्षीदार म्हणून बोलावण्यासारखा आहे. पाच जणांनी बसून तंटा सोडवायचा ती पंचायत. मराठी माणसाने तिचा अर्थ काय करून ठेवला? अडचण! ‘मोठी पंचाईत झाली.’ वर ‘नसती पंचाईत’ म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं. न्यायसंस्थेबद्दल समाजाचं मत समजायला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

मराठेशाहीतल्या निवाड्यांच्या कागदांत असे पुष्कळ शब्द सापडतात. ‘राजीनामा’ म्हणजे पंच जो निर्णय देतील तो मान्य आहे, असं वादी-प्रतिवादींनी आधीच लिहून देणं. राजी असल्याचा कागद. आता नाराज झालेला मंत्री देतो तो राजीनामा. हरणाऱ्याने लिहून द्यायचं ते येजितखत, आपलं म्हणणं खोटं ठरलं याची कबुली. जिंकणाऱ्यालाही सरकारात ‘हरकी’ भरावी लागे. जिंकल्याच्या हर्षाचे पैसे! हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेत. पुरावाच नसला तर दिव्य : तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा ते रवादिव्य. आज ‘दिव्यातून जाणे’ म्हणतो तेव्हा हात भाजल्याची आठवण कुणालाच नसते.

आणि न्यायाचे सोबती शब्द बघा. ‘निवाडा’ हा ‘निवडणे’चा भाऊ, सुपातले खडे बाजूला काढावेत तसा. ‘फैसला’ अरबीतून, वेगळं करणं. ‘इन्साफ’ही अरबी, मुळात ‘निस्फ’, म्हणजे अर्धा, दोघांना सारखं. निवाडा निवडतो, फैसला तोडतो, इन्साफ अर्धं करतो. चालतो तो एकटा न्याय.

कोकणात याच्या जोडीला ‘कौल’ हवा. अरबी ‘कौल’ म्हणजे दिलेला शब्द, त्यावरून कौलनामा. देवाच्या पाषाणाला कळ्या किंवा तांदूळ लावून उजवा पडतो की डावा ते पाहायचं, तोही कौल. मतदारांचा कौल वर्तमानपत्रांनी तिथूनच उचलला. (छपरावरचं कौल वेगळ्या घरचं, त्याची गल्लत करू नये.) आणि देशावर ज्याला ‘गाऱ्हाणं’ म्हणजे तक्रार म्हणतात, ते इथे देवापुढे घालतात, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यात तक्रार थोडी, सांभाळून घे ही विनवणी फार. पागोळीताईंच्या ‘अन्याय माझे’शी त्याचा सूर जुळतो.

सावित्रीकाठ (महाड)

हे सगळं वाचून मजा आली, पण एक गोष्ट खुपते. न्याय म्हणजे मळलेली वाट, वहिवाट, जसं चालत आलं तसं. ठीक. मग ज्यांना त्या वाटेवरून चालूच दिलं नव्हतं त्यांनी काय म्हणायचं?

आमच्या गावात चवदार तळं आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढे डिसेंबरात परिषद भरायच्या आधी दिवाणी कोर्टातून त्यांच्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम आणला गेला. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. पाणी प्यायल्याला तेव्हा दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

आता शब्दाचा मुद्दा. विरुद्ध बाजूचं म्हणणं काय होतं? पूर्वापार वहिवाट. अस्पृश्यांनी या तळ्याचं पाणी घ्यायचं नाही, अशी आठवणीपलीकडची रूढी आहे. अष्टाध्यायीतला शब्द वापरायचा तर ‘अभ्रेष’. म्हणजे वरच्या व्याख्येप्रमाणे न्याय त्यांच्या बाजूला! कोर्टाने ती रूढी अन्यायाची आहे म्हणून मोडली असं लोक समजतात, तसं नाही. रूढी इतकी प्राचीन आहे हे सिद्ध झालं नाही, म्हणून अपील फेटाळलं. वकीलसाहेब सांगतील, कायद्याने कायद्यापुरतं उत्तर दिलं. सिद्ध झाली असती तर? हा प्रश्न त्या निकालाच्या बाहेर उभाच राहिला.

त्याचं उत्तर १९५०मध्ये मिळालं. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि उद्देशिकेत सगळ्यांत आधी ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय’ आला. स्वातंत्र्य नि समानता त्याच्या मागून. तिथला न्याय हा चालत आलेला नाही. तो चालत आलेलं थांबवणारा आहे. शब्द तोच, तोंड उलट दिशेला.

मास्तर, म्हणून विचारते, ‘इ’ म्हणजे जाणे हे मान्य, पण कोणी जायचं हे पाणिनीने सांगितलंय का?

घोकंपट्टी

नाही सांगितलं. तुमचा प्रश्न मान्य, आणि माझं वरचं ‘न भरकटता’ जरा फारच कौतुकाने लिहिलं गेलं, हेही मान्य.

एक सावरून बघतो. न्यायदर्शनात, म्हणजे गौतमाच्या न्यायसूत्रांच्या परंपरेत, वात्स्यायनाने न्यायाची व्याख्या वेगळीच केली : प्रमाणैरर्थपरीक्षणं न्यायः. प्रमाणांनी गोष्ट तपासून घेणं म्हणजे न्याय. तिथे पाच पायऱ्या : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. या डोंगरावरही तसा धूर आहे. म्हणून आग आहे. परंपरा म्हणते म्हणून नव्हे, कारण दाखव म्हणून. खरं शोधायला दोघांनी केलेली चर्चा तो वाद, नुसतं जिंकायला केलेला तो जल्प, आणि स्वतःचं काहीही न मांडता दुसऱ्याचं पाडायचं ती वितंडा. पूर्वापार रूढीला ‘पुरावा दाखव’ म्हणणारा महाडच्या अपिलाचा निकाल या दुसऱ्या न्यायाच्या फार जवळ आहे.

अमर्त्य सेन यांनी २००९मध्ये नीती आणि न्याय अशी जोडी मांडली. नीती म्हणजे नियम आणि संस्था नीटनेटक्या असणं, न्याय म्हणजे माणसांच्या जगण्यात प्रत्यक्ष काय घडतं ते. मात्स्यन्यायाचं उदाहरण त्यांनीही घेतलंय. विचार पटतो. मराठी कानाला मात्र अडखळतो, कारण आपल्याकडे नीती म्हणजे आधी सदाचार, मग विदुरनीती, मग धोरण. नियमांची चौकट या अर्थाने कुणी नीती म्हणत नाही.

ओहोटी

१ एप्रिल १९५७, कृषक दिन : कूळकायद्याने जमीन कसणाऱ्या कुळाची मानली गेली तो दिवस. आमच्या वाडीत एका घरात म्हणतात ‘जमीन कुळात गेली’, पलीकडच्या घरात म्हणतात ‘जमीन नावावर झाली’. एकच सातबारा. न्याय शब्द दोघेही वापरत नाहीत, म्हणून अजून बोलणं आहे.

पेटारा (वेंगुर्ले)

साहित्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

‘काव्यगत न्याय’ हा शब्द मराठी समीक्षेने इंग्रजीवरून घडवला. तिथे थॉमस रायमर या समीक्षकाने १६७८मध्ये नाटकांची झडती घेताना तो वापरला : सज्जनाला बक्षीस, दुर्जनाला शिक्षा, नाटक संपायच्या आत. दशावतार बघणाऱ्याला यात काय नवीन? जत्रेत रात्री उशिरा सुरू होतो, पहाटे राक्षस मरतो, लोक बाकडी उचलून घरी जातात.

पण मला बघा काय दिसतं. आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, संकासुर येतो. वेद चोरणारा, काळा, लांब टोपडं, मालवणीत बोलून सगळ्यांना हसवणारा. विष्णूच्या हातून मरतो तेव्हा न्याय झाला असं कुणाला वाटत नाही, मजा संपली असं वाटतं. पोरं तर हळहळतात. कथेचा न्याय एकीकडे, मांडवाचा दुसरीकडे.

वस्त्रहरणाचं आख्यान असेल तर आणखी. द्रौपदी सभेत विचारते, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क होता का? हा भावनेचा प्रश्न नाही, वकिली प्रश्न आहे, काळ्या कोटाने उभं राहून विचारावा असा. आणि भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला नीट उत्तर देता येत नाही. पुढे कौरव मरतात, पण त्या प्रश्नाचा निकाल लागत नाही. शंभर मेले म्हणून प्रश्न सुटला, असं मानणाऱ्याचा काव्यगत न्याय मला तरी स्वस्त वाटतो.

बाकी ‘भूमिकेला न्याय दिला’ हे वाक्य परीक्षणांतून हद्दपार करा. इंग्रजीची सही न् सही नक्कल. नटाने भूमिका वठवली म्हणावं, उभी केली म्हणावं. आमच्याकडे राजपार्टी (दशावतारातली राजाची भूमिका) करणाऱ्याला म्हणतात ‘खेळ मारल्यान’.

पागोळी

पेटारा, ‘जेवणाला न्याय दिला’ हेही हल्ली ऐकलंय. वडे-सागोतीने कुणावर दावा लावला होता कोण जाणे.

काळा कोट

एक शुद्धलेखनाचं, कारण रोज अर्जांत बघतो. ‘न्याय हक्क’ नव्हे, ‘न्याय्य हक्क’. दुसरा ‘य’ खाऊ नका. न्याय्य म्हणजे न्यायाला धरून असलेलं : न्याय्य मागणी, न्याय्य वाटणी. माणूस असेल तर न्यायी. न्यायसंस्थेशी संबंधित ते न्यायिक : न्यायिक चौकशी. ती न्यायिक असूनही न्याय्य असेलच असं नाही, म्हणूनच दोन शब्द लागतात. नैयायिक म्हणजे तर्कशास्त्री, त्याला कोर्टात आणू नये. प्रकरण कोर्टापुढे असेल तर न्यायप्रविष्ट. आणि ‘नैसर्गिक न्याय’ म्हणजे जंगलचा कायदा नव्हे : दोन्ही बाजू ऐकून घेणं, आणि स्वतःच्याच प्रकरणात स्वतः न्यायाधीश न होणं.

सावित्रीकाठ, तुमच्या ‘सिद्ध झाली असती तर’वर उत्तर देत नाही. दोन दिवस तोच विचार करतोय.

गडग्यापलीकडे

उशिरा लिहितोय, भातकापणी होती. तीही शेजारच्या दुसऱ्या घराच्या अंगणातून फिरून जाऊन.

अर्ज सहा महिन्यांच्या आत दिला, कलम ५ खाली. ‘न्याय मिळावा’ काढलं. त्याऐवजी ‘वहिवाटीच्या वाटेतील अडथळा दूर करून मिळावा’ असं लिहिलं. काकांनी वाचलं, सही केली. सावित्रीकाठ यांचा प्रश्न त्यांना सांगितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमच्या वाटेवरसून पयली सगळी खय जायत?’’ मला माहीत नव्हतं. त्यांना होतं. सगळेच जात नसत, काहींना पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेने वळसा घालून जावं लागे. हे मी अर्जात लिहिलेलं नाही.

स्थळपाहणी झाली. तलाठी आले, पंच म्हणून दोघे उभे राहिले, पंचनामा झाला. शेजारीही होते, त्यांनीच शहाळी काढून दिली. कागदावर शब्द आलाय ‘पूर्वापार वापर’. त्यातलं ‘पूर्व’ कळलं, ‘अपर’ म्हणजे नंतरचं ना? मग पूर्वापार म्हणजे आधीचं आणि नंतरचं दोन्ही, की नुसतं जुनं? मास्तर, सांगा, नाहीतर वेगळा धागा काढतो.